पास्टरची बायको आणि आमची कॉमन रूम

सबमिशन संपल्यानंतरचा शनिवार कसा असतो हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. जर्नलवर शेवटची सही मिळालेली असते, झोप पुरी झालेली नसते आणि त्या दिवशी मेसच्या भाजीबद्दलसुद्धा कुणाची तक्रार नसते. रात्री आमच्या कॉमन रूममध्ये कुणाचा तरी लॅपटॉप टीव्हीला जोडला जातो. नियम एकच, डोक्याला ताप नको! त्या शनिवारी सिनेमा निवडायची पाळी माझ्या रूममेटची होती. तिने 'मॉम्स नाइट आऊट' लावला. इंग्रजी, कॉमेडी, दीड तासाच्या आसपासचा. आम्ही चौदा जणी गाद्या टाकून बसलो.

त्या दीड तासात मी तेरा जणींचं हसू ऐकलं आणि एकीचं न हसणं पाहिलं. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. मराठी विभागासाठी 'काहीतरी मत मांड' असं संपादिका मॅडम म्हणाल्या, तर म्हटलं हेच मांडावं. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आधी सिनेमाबद्दल. अमेरिकेत 'फेथ-बेस्ड' म्हणून सिनेमांचा एक अख्खा कप्पाच आहे. म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेले, शिवीगाळ नसलेले, शेवटी श्रद्धेपाशी येऊन थांबणारे सिनेमे. बजेट छोटं असतं. चर्चमधून प्रचार होतो, लोक ग्रुपने तिकिटं काढून जातात. बहुतेक सिनेमे रडवणारे. २०१५ चा 'वॉर रूम' सुमारे ३० लाख डॉलरमध्ये झाला आणि एकट्या अमेरिकेत त्याने साडेसहा कोटी डॉलरच्या वर कमावले. समीक्षकांनी नाकं मुरडली. थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी मात्र त्याला 'ए प्लस' दिला. आपल्याकडे इंटर्नललासुद्धा इतके मार्क मिळत नाहीत.

या कप्प्यात कॉमेडी तशी कमीच. 'मॉम्स नाइट आऊट' त्यातली. अँड्र्यू आणि जॉन अर्विन या भावांनी ती दिग्दर्शित केली, चित्रीकरण अलाबामातल्या बर्मिंगहॅमला झालं आणि ९ मे २०१४ ला, मदर्स डेच्या आधीच्या शुक्रवारी, ती लागली. गोष्ट एका रात्रीची. ॲलिसन नावाची तीन पोरांची आई घरकामाने आणि 'मी चांगली आई नाही' या विचाराने पिचलेली असते. ती मैत्रिणींबरोबर एक संध्याकाळ बाहेर घालवायचं ठरवते. पोरं नवऱ्याकडे. नवरा म्हणजे शॉन ॲस्टिन, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम. (तो दिसल्यावर आमच्याकडे शिट्ट्या पडल्या.) मग हॉटेलातलं टेबल हातचं जातं, गाडी गायब होते, एक तान्हं बाळ हरवतं, टॅटूवाल्याचं दुकान, मोटरसायकलवाले दांडगे, पोलीस स्टेशन... जे जे बिघडू शकतं ते ते सगळं बिघडतं. थोडक्यात, आमच्या टेक फेस्टची पहिली रात्र.

पहिला तासभर कॉमन रूम नुसती खिदळत होती. मध्ये एक गंमत झाली. ॲलिसनबरोबर जाणाऱ्या बायकांत एक पास्टरची बायको आहे. पॅट्रिशिया हीटनने ती केलीय. ती पडद्यावर आल्या आल्या मागून आवाज आला, "अगं, पण फादरला बायको कशी?" माझी रूममेट वसईची, कॅथलिक. तिने सिनेमा थांबवला आणि समजावून सांगितलं की लग्न न करणारे ते कॅथलिकांचे फादर. पास्टर म्हणजे प्रोटेस्टंटांचे, ते लग्न करतात. "म्हणजे तुमच्यातपण जाती आहेत?" "जाती नाहीत गं, पंथ," ती म्हणाली आणि जरा थांबून, "जातींचा विषय वेगळा आहे, तो पिक्चर संपल्यावर." मग पुन्हा प्ले.

मला जरा लाजच वाटली. मी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना मला झोपेतही येते, ख्रिसमसच्या नाटकात मी तीनदा मेंढपाळ झालेय (मेरी व्हायला मिळालं नाही, ते दुःख वेगळं). पण फादर आणि पास्टर यांतला फरक मलाही धड सांगता आला नसता. शाळेत आठवड्यातून दोन तास वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुली कॅटेकिझमला जायच्या आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला. मधे एक भिंत. पलीकडे काय शिकवतात हे मी कधी विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, त्यांचा तास सोपा असणार.

आता मुद्द्याची जागा. सिनेमाच्या शेवटाकडे सगळे पोलीस स्टेशनात जमलेले असतात. ॲलिसन खचून बसलेली. तिच्याजवळ येऊन बसतो बोन्स नावाचा धिप्पाड, टॅटूवाला बायकर. हे काम केलंय ट्रेस ॲडकिन्स या कंट्री गायकाने, आवाज असा की टेबलावरचा ग्लास हलावा. तो तिला सांगतो, की देवाने तुझ्या मुलांना तुझ्यासारखी आई दिली ती काही चुकून नाही. तू जशी आहेस तशी राहा, बाकीचं तो बघेल. प्रकाश मऊ होतो, मागे संगीत सुरू होतं. आणि आमच्या कॉमन रूममधून कुणीतरी म्हणालं, "चला, कीर्तन सुरू झालं!"

हशा. मी तर त्यावर कडी केली. शाळेतल्या असेंब्लीत सिस्टर ज्या सुरात प्रार्थना सांगायच्या, तो सूर काढून मी बोन्सचे दोन डायलॉग म्हणून दाखवले. लोळालोळ झाली. कॉन्व्हेंटच्या दहा वर्षांचा एवढा उपयोग मला प्लेसमेंटलासुद्धा होणार नाही. रूममेट टीव्हीकडे बघत होती. सिनेमा संपल्यावर तिने केबल काढली, गुंडाळली आणि गुड नाइट म्हणून वर गेली.

मी रूमवर गेले तेव्हा दिवा बंद होता.

"झोपलीस?"

"नाही."

"राग आला का गं?"

"नाही गं." (हे 'नाही गं' कसं असतं ते हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे.) मग थोड्या वेळाने म्हणाली, "आईला तो सीन आवडतो. तिनेच मला हा पिक्चर दाखवलेला. बाबा गल्फला होते, आम्ही तिघं भावंडं, आजी आजारी. ती एकटी सगळं करायची. तो माणूस बोलायला लागला की ती दर वेळी रडते. तुम्ही हसाल हे मला माहीत होतं, म्हणून तर लावला. फक्त तिथे हसाल असं नव्हतं वाटलं."

मी म्हटलं, "अगं पण कॉमेडी आहे ना ती." हे वाक्य बोलतानाच मला फुसकं वाटलं, पण बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी या सिनेमाबद्दल मिळेल ते वाचलं. समीक्षकांनी त्याला धुऊन काढला होता. रॉटन टोमॅटोज या साइटवर समीक्षकांची पसंती वीस टक्क्यांच्या आसपास, आणि साध्या प्रेक्षकांचा आकडा त्याच्या कितीतरी वर. समीक्षकांचा मुख्य आक्षेप धर्मावर नव्हताच, बायकांच्या चित्रणावर होता. आई एक रात्र घराबाहेर पडली की जग कोसळतं आणि बापांना मुलं सांभाळता येत नाहीत, असं दाखवणं मागासलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप मला तरी पटतो. आमच्यातली एक मेकॅनिकलवाली सिनेमा चालू असतानाच म्हणाली होती, "माझे बाबा यांच्यापेक्षा बरे, निदान कुकर तरी लावतात." पैशांचं म्हणाल तर ५० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या सिनेमाने अमेरिकेत साधारण एक कोटी मिळवले. त्याच शुक्रवारी 'नेबर्स' नावाची दारू-पार्ट्यांची कॉमेडी लागली होती. तिने पहिल्या तीन दिवसांतच जवळपास ४ कोटी ९० लाख कमावले. म्हणजे अमेरिकेतसुद्धा बहुतेकांची निवड काय होती ते दिसतंच.

मग खरं कोणाचं? समीक्षकांचं की प्रेक्षकांचं? आपण इंजिनियर लोक, आपल्याला आधी सॅम्पल बघायची सवय. तो 'ए प्लस' वगैरे शेरा देणारी सिनेमास्कोर ही कंपनी पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांच्या हातात कार्ड देते. पहिल्या रात्री कोण जातं? ज्याला तो सिनेमा बघायचाच असतो तो. चर्चच्या ग्रुपबरोबर आलेली बाई 'सी' कशाला देईल? हे सॅम्पल बायस्ड आहे, एम-थ्रीच्या पेपरात असं लिहिलं तर सर शून्य देतील. पण समीक्षकांचं सॅम्पल तरी कुठे सरळ आहे? आठवड्याला पाच-पाच सिनेमे बघणारी, बहुतेक मोठ्या शहरांतली माणसं. आणि आमचं सॅम्पल? चौदा मुली, दोन रात्रींचं जागरण, फुकटचा सिनेमा. आमच्या हसण्यावरून सिनेमाबद्दल काही कळायचं नाही. आमच्याबद्दल कळेल.

तर आमच्याबद्दल काय कळलं? त्या 'कीर्तन सुरू झालं'वर हसलेल्या आम्ही तेरा जणी. त्यांतल्या चौघींच्या टेबलावर गणपती आहे. व्हायवाच्या दिवशी एक जण त्याच्यापुढे हॉल तिकीट ठेवून मगच निघते, आणि तिला कुणी हसत नाही. मीसुद्धा एम-टूच्या केटीच्या वेळी नवस बोलले होते (फेडलाय!). टीव्हीवर एखादा जुना मराठी भक्तिपट लागला आणि शेवटी देव पावला, की आमच्यातल्या अर्ध्या जणींचे डोळे भरतात. तेव्हा कुणी 'प्रवचन सुरू झालं' म्हणत नाही. म्हणजे आम्हाला सिनेमात देव आलेला चालत नाही असं नाही. दुसऱ्याचा देव आला की आम्हाला तो 'प्रचार' वाटतो आणि आपला आला की 'संस्कार'. मला हे माझ्याबद्दल लिहायला आवडत नाहीये, पण आहे हे असं आहे.

एवढं मान्य करूनही सांगते, त्या सीनला हसू येण्यात थोडा दोष सिनेमाचाही आहे. आणि तो श्रद्धेचा दोष नाही, भित्रेपणाचा आहे. पूर्ण सिनेमाभर विनोद कशावर? गाडीवर, बाळावर, वेंधळ्या नवऱ्यांवर. श्रद्धेवर, चर्चवर, प्रार्थनेवर जवळजवळ नाहीच. पास्टरच्या बायकोचं पात्र बघा. सगळ्यांपुढे सतत आदर्श राहायचं ओझं तिच्यावर आहे. केवढी मोठी गंमत आणि केवढं मोठं दुःख त्यात होतं! पण सिनेमा तिथे नुसता हात लावून पुढे जातो. श्रद्धेचा विषय आला की विनोद चपला बाहेर काढून, हात जोडून उभा राहतो. त्यामुळे एका सिनेमात दोन सिनेमे होतात, एक हसायचा आणि एक गप्प बसायचा. आणि तासभर हसत असलेल्या माणसाला अचानक गप्प बसायला सांगितलं की तो फिस्सकन हसतोच. असेंब्लीत आम्ही सगळ्यात जास्त कधी हसायचो? सिस्टर 'सायलेन्स' म्हणाल्यावर.

मोठ्या पैशाने ही अडचण सुटते असंही नाही. २००३ मध्ये जिम कॅरीचा 'ब्रूस ऑल्मायटी' तुफान चालला. ते बघून २००७ मध्ये 'एव्हन ऑल्मायटी' काढला, नोहाच्या तारवाची गोष्ट, खर्च सुमारे साडेसतरा कोटी डॉलर. चर्चवाल्या प्रेक्षकांपर्यंत पोचायला खास प्रयत्न केले. जगभरातून मिळून जेमतेम खर्चाइतकीच तिकीटविक्री झाली, त्यातही थिएटरवाल्यांचा वाटा आलाच. तिथेही तेच. कुणी दुखावू नये म्हणून सगळा विनोद जनावरांवर आणि दाढीवर.

रविवारी नाश्त्याला मी हे बोलले तर एक सीनियर म्हणाल्या, "धर्मावरची कॉमेडी बघायची तर 'लाइफ ऑफ ब्रायन' बघा, हे काय!" मॉंटी पायथनवाल्यांचा १९७९ चा सिनेमा. आयर्लंडमध्ये तो १९८७ पर्यंत बंद होता, नॉर्वेतही काही काळ बंदी होती, आणि शेजारच्या स्वीडनमध्ये 'इतका विनोदी की नॉर्वेत बंदी आली' अशी त्याची जाहिरात झाली होती. मी तो पाहिलाय, पोट धरून हसलेय. पण तो बाहेर उभं राहून मारलेला दगड आहे, नेम चांगला असला तरी. माझ्या रूममेटची आई तिथे कुठेच नाही. मला प्रश्न पडला होता तो असा, की आत राहून, श्रद्धा न सोडता, श्रद्धेवर हसणारं कुणी आहे का?

आहे. आणि मराठीत आहे, हे मला अमेरिकेच्या दिशेने इतकं शोधल्यावर आठवलं! लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे'तला एखादा उतारा शाळेत तुम्हालाही असेल. मला आजीने अख्खं पुस्तक वाचायला लावलं होतं, दहावीच्या सुट्टीत, मराठी सुधारावं म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. बायको हिंदूच राहिली. पाच वर्षं त्या बाईने काय काय सोसलं आणि मग १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाली. या सगळ्यावर रडकं पुस्तक लिहिता आलं असतं. पण त्या लिहितात ते असं की वाचताना आधी हसू फुटतं आणि मग घशात अडकतं. नवऱ्याचा विसराळूपणा, दानशूरपणा, त्याच्या लहरी, वडिलांचं कडक सोवळं, स्वतःचं सोवळं, ते कसं हळूहळू सुटत गेलं, सगळ्यावर हसतात. आधीच्या धर्मातल्या स्वतःवर हसतात आणि नंतरच्या धर्मातल्या स्वतःवरही. पण श्रद्धेची जागा आली म्हणून त्यांचा आवाज बदलत नाही, मागे संगीत सुरू होत नाही. ज्या सुरात गंमत, त्याच सुरात देव. म्हणून तिथे कुणी 'कीर्तन सुरू झालं' म्हणणार नाही. म्हणायला फटच नाही.

हे मी रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमच्याकडे काय असतं असं वाटलं तुला?" आणि सुरू झाली. घरच्यांशी फोनवर ती सामवेदीत बोलते तेव्हा मला निम्मं कळत नाही, पण त्या दिवशी खास माझ्यासाठी शुद्ध मराठीत सांगत होती. फादरचं प्रवचन लांबलं की तिचे आजोबा घड्याळ काढून, कानाशी लावून हलवायचे. क्वायरमधली एक आंटी सगळ्यांच्या आधी सूर संपवते आणि मग बाकीच्यांकडे रागाने बघते. ख्रिसमसच्या मध्यरात्रीच्या मिस्साला माइक बंद पडला तेव्हा फादर ओरडून बोलले आणि मागच्या बाकावरचा एक छोटा घाबरून म्हणाला, "आई, फादर चिडले!" आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या रूममधून भिंतीवर थापा आल्या. चर्चमध्ये बसून हे सगळं बघणाऱ्या, हसणाऱ्या आणि तरीही गुडघे टेकणाऱ्या माणसांचा सिनेमा कुणी का काढत नाही? अर्विन बंधूंच्या आजूबाजूलाही असली माणसं असणारच.

मी तिला सॉरी म्हटलं. सिस्टरच्या आवाजाबद्दल. ती म्हणाली, "आवाज चांगला काढलेलास." एवढंच.

मी बोन्सचा तो सीन पुन्हा एकटीने पाहिला, हेडफोन लावून. खरं सांगते, मला तो अजूनही फार भारी वाटत नाही. संगीत नको होतं, डायलॉग अर्धे चालले असते. मी समीक्षक असते तर फार मार्क दिले नसते. पण या वेळी बघताना मी ॲलिसनकडे बघत होते, त्या बाईकडे, जिला दिवसभर कुणी बरं म्हटलेलं नाही. आणि मग माझ्या आईला कुणी शेवटचं बरं कधी म्हटलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. रात्रीचे साडेअकरा झाले होते, तरी फोन केला. आई घाबरून म्हणाली, "काय झालं? पैसे संपले का?"

पुढच्या शनिवारी सिनेमा निवडायची पाळी माझी आहे. मी 'देऊळ' लावायचं ठरवलंय, उमेश कुलकर्णींचा, २०११ चा. गावात दत्त दिसल्याची बातमी पसरते आणि मग देवाचा धंदा कसा उभा राहतो, त्याची गोष्ट. बऱ्याच जणींनी पाहिलेला नाही. रूममेटला मी थोडक्यात कथा सांगितली, तर ती जर्नलची पानं लावता लावता म्हणाली, "मग त्यात मी हसले तर चालेल ना तुम्हाला?"

मी "हो" म्हटलं. लगेच नाही, दोन सेकंदांनी.